रकान्यात बेट नाही

फॉर्ममध्ये राज्य विचारलं होतं.
जोनाकीनं आसामवर टिचकी मारली
आणि खाली पाहत राहिली, अजून काही उघडेल म्हणून.
उघडलं नाही.
माजुली बेट आहे, म्हणाली. बेटाला वेगळा रकाना हवा.

आई आतून ओरडली, बेट कसलं बाप्पा, बांबूचं?
आमच्याकडे बेट म्हटलं की बांबूचंच.
चांगघर हा शब्दही तिनं असाच ऐकला होता लग्नाआधी:
पोरीचं घर चांग आहे, म्हणजे चांगलंच असणार.
खांबांवरचं घर. खाली डुकरं,
पूर आला की होडी पायरीला बांधायची.
हे तिला मी चार वर्षांनी सांगितलं.

गोळीबार चौकातल्या या घरात आता माग नाही.
बाबांचा खड्डामाग होता तिथे फरशी आहे, जराशी खचलेली.
गृहभेटीला आलेल्या मानमोडे मॅडमची खुर्ची नेमकी तिथेच डुगडुगली.
बाळ कुठे झोपेल?
आम्ही दोघं एकदम म्हणालो, मध्ये.
त्यांनी लिहून घेतलं.
माझा पगार लिहिला, माझी साखर,
गच्चीच्या कठड्याची उंची टेपनं मोजून.
मूल तिकडचंच का हवं?
तिकडे दरवर्षी जमीन कमी होते, जोनाकी म्हणाली.
मॅडमनी पेन उचललं
आणि हे कोणत्या ओळीत घालू, असं माझ्याकडे पाहिलं.

खरं तर मूल ठरलेलं होतं.
टगर. तीन वर्षांची. आईनं लगेच तिची तगर केली.
जोनाकीच्या माहेरी कुंपणापलीकडे राहते,
आई गेलेली, बापाचा केरळातून फोन येईनासा झालेला.
पण शेजारी हे नातं कायद्यात नाही,
आणि आजोबा जिवंत असणं आहे.

तरी गेलो. पौषात.
दोन रात्रींची गाडी, मग जोरहाट, मग निमाती घाटावरून फेरी,
फेरीत आमच्यासोबत तीन मोटारसायकली आणि एक म्हैस.
लोखेश्वर पायेंग आम्हाला काठावर घेऊन गेले.
पाण्याकडे बोट करून म्हणाले, शाळा.
बोट आणखी पुढे नेलं. माझं शेत.
टगर त्यांच्या धोतराचा सोगा चावत होती.
मग ते त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, हळू,
आणि जोनाकीनं पिशवीतला फ्रॉक बाहेर काढलाच नाही.

परतीच्या फेरीत मी विचारलं.
तिनं वाळूचा दांडा मागे पडू दिला, मगच सांगितलं:
नदी एका बाजूनं नेते. तुम्ही दुसऱ्या बाजूनं आलात.

आता आमचा क्रमांक आहे, पाच आकडी.
नवतप्यात कूलरसमोर बसून ती तो बघते,
कधी चौदानं पुढे सरकतो, कधी महिनाभर सरकतच नाही.
रविवारी तिकडे रेंज असली तर टगर फोनवर येते.
तुमच्याकडे नदी आहे?
आहे. नाग.
मोठी?
जोनाकी माझ्याकडे बघते. मी खिडकीकडे.
लोक पुलावरून नाक दाबून जातात, ती सांगते.
आणि पाणी किती येतं?
एक दिवसाआड, पाऊण तास.
तिकडे इतकं हसू फुटतं की फोन आजोबांच्या हातात जातो,
आणि त्यांना आम्हाला काय म्हणावं ते सुचत नाही,
ते पुन्हा तिलाच देतात.

मागच्या आठवड्यात सकाळी पाहिलं,
रात्रीत कधीतरी तिनं राज्य बदललं होतं.
कोणतंही.
मला बोलली नाही. मीही चहाच ठेवला.

आईला मात्र सांगावं लागलं.
ती म्हणाली, पोट्टी कुठूनही येऊ दे,
पन हे कंबरेला बांधाचं फडकं तर हिच्याच हातचं पाहिजे ना?
तिकडे पोरं पाठीला बांधतात, तिनं फोटोत पाहिलंय.
काहून नाही उकरत ती फरशी?

तेव्हापासून येता-जाता
ती तिथे टाच आपटून पाहते.
अजून पोकळ वाजतं.